वाचक विचारतात: ढगांखालचं टेकाड आणि डांकवार्ट ड्रायर

मागच्या अंकात एका पानावर आम्ही डांकवार्ट ड्रायर या डॅनिश चित्रकाराचं एक तैलचित्र छापलं होतं. ब्रान्डसो बेटावरचं जुन्या थडग्याचं टेकाड, साधारण १८४२ सालचं. खाली फक्त नाव आणि साल दिलं होतं, बाकी काही नाही. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच देतोय. बहुतेक पत्रं बडोद्यातली आहेत, एक इंदूरहून आलंय.

प्रश्न: चित्र बघून आधी मृगाच्या आधीचं आभाळ आठवलं, पण नंतर बेचैन वाटायला लागलं. मधे टेकाड, दगड, गवत आणि वर एवढे मोठे ढग. यात नक्की बघायचं काय असतं? आणि हा माणूस फार दुःखी होता का?
(एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर: ताई, तुम्ही आभाळापासून सुरुवात केलीत हे अगदी बरोबर केलंत, कारण या चित्रात खरं काम आभाळच करतंय. आता टेकाडाकडे या. ते साधं मातीचं टेकाड नाहीये, हजारो वर्षांपूर्वीचं थडगं आहे. डेन्मार्कमध्ये अशी टेकाडं जागोजागी आहेत, काही अश्मयुगातली काही कांस्ययुगातली, आत मोठमोठे दगड रचून मेलेल्या माणसाला ठेवायचे आणि वरून माती टाकायची. हजारो वर्षं वारा-पाऊस खाऊन ती माती कुठे कुठे झिजली आणि दगड उघडे पडले.

आता हे टेकाड चित्रात एवढं मोठं का वाटतं ते सांगतो. डेन्मार्क हा अतिशय सपाट देश आहे. तिथली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम १७१ मीटर आहे, आपला पावागड त्याच्या चौपटीहून जास्त उंच. अशा सपाट मुलखात चार-पाच मीटरचा उंचवटासुद्धा लांबून नजरेत भरतो, आणि ड्रायरने वर उभं राहून खाली बघितलेलं नाहीये, तो खालून वर बघतोय, त्यामुळे टेकाड थेट आभाळाला भिडतं. पान हातात धरून टेकाडाचा भाग तळहाताने झाकून बघा, मग आभाळ झाकून बघा. आभाळ झाकलं की ते नुसतं एक गवताळ ठिकाण उरतं. बेचैनी ढगातून येते, आणि ढगांना वजन येतं खालच्या दगडांमुळे.

अजून एक गोष्ट म्हणजे ऊन. बडोदं कर्कवृत्ताच्या जरासंच खाली आहे, म्हणजे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली जाते. कोपनहेगनला जूनच्या भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ५८ अंशांवरच चढतो आणि डिसेंबरात तर फक्त ११ अंश, म्हणजे क्षितिजाला लागूनच सरकत जातो. वर्षातले कितीतरी महिने तिकडे उजेड बाजूने येतो, सावल्या लांब पडतात, ढगाच्या पोटाखाली काळोख आणि कडेला एकदम लख्ख पट्टा असं होतं. आपल्याला हे नाट्य वाटतं, तिथल्या माणसाला ते रोजचं हवामान.

त्याच्या दुःखाबद्दल विचारलंत. हे चित्र काढलं तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता, जोमात काम करत होता. पुढे त्याचं वाईट झालं हे खरं आहे, पण ते नंतरचं ओझं या चित्रावर मागून लादू नका असं मला मनापासून वाटतं. ढग काळा आहे कारण त्या दिवशी, त्या बेटावर, त्याला तो तसा दिसला.

प्रश्न: एवढा चांगला चित्रकार होता तर नाव कोणाला माहीत कसं नाही? मी थोडंफार युरोपियन आर्ट वाचलंय, डेन्मार्कचे एक-दोन लोक माहीत आहेत, पण हा कधीच भेटला नाही.
(एक निवृत्त शिक्षक, इंदूर)

उत्तर: सर, याची कारणं एकात एक अडकलेली आहेत म्हणून जरा लांबून येतो.

ड्रायर १८१६ साली फ्यून बेटावर आसेन्स या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात जन्मला. ब्रान्डसो तिथून जवळच, फ्यून आणि जटलंड (डेन्मार्कचा मुख्य द्वीपकल्प) यांच्या मधल्या सामुद्रधुनीत. कोवळ्या वयातच तो कोपनहेगनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेला. तिथे तेव्हा एकर्सबर्ग या चित्रकार-शिक्षकाचा दबदबा होता, म्हणजे मोजून-मापून काढलेलं पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान, जवळचं मोठं दाखवण्याचं तंत्र), स्वच्छ उजेड, जागेवर जाऊन नीट बघणं. (या एकर्सबर्गने १८४१ मध्ये पर्स्पेक्टिव्हवर पुस्तकच काढलं होतं.) ड्रायरच्या बरोबरीचे दोन मित्र म्हणजे स्कोवगोर, जन्म १८१७, आणि लुंडब्यू, जन्म १८१८. तिघं एका वयाचे, तिघंही परदेशी देखावे सोडून आपल्याच देशातल्या रानावनात जाऊन चित्रं काढणारे. त्यातले दोघं डेन्मार्कमध्ये शाळेतल्या मुलांनासुद्धा माहीत होण्याइतके मोठे झाले आणि तिसरा मागे राहिला.

त्या वेळचा देश कसा होता तेही बघा. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागून शहराचा मोठा भाग जाळला, १८१३ मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, १८१४ मध्ये नॉर्वे हातचं गेलं. एवढं सगळं गेल्यावर उरलेल्या छोट्या देशाकडे लोक फार मायेने बघायला लागले. १८४४ मध्ये होयेन नावाच्या कला-इतिहासकाराने एक व्याख्यान दिलं, त्यात सांगणं असं होतं की चित्रकारांनी आपली भूमी, आपली माणसं, आपला इतिहास रंगवावा. या माणसाच्या शब्दाला फार वजन होतं, त्याने नावाजलं की चित्रकाराचं नाव व्हायचं.

आता गंमत नाही, खरंच चटका लावणारी गोष्ट आहे, की ड्रायर हेच आधीपासून करत होता. आपलं गाव, आपलं बेट, आपल्या पूर्वजांची थडगी, अजून काय हवं? पण लोकांना आपल्या देशाचं जे रूप भिंतीवर हवं होतं ते शांत होतं. बीच वृक्षांची हिरवीगार जंगलं, निवांत चरणाऱ्या गाई, उन्हातला किनारा. स्कोवगोरने ती जंगलं काढली आणि अप्रतिम काढली, त्यात वादच नाही. ड्रायर मात्र जटलंडच्या ओसाड माळांवर गेला, जिथे खुरटी झुडपं, पाणथळ जमीन आणि बोचरा वारा, आणि ब्रशही त्याने तसाच चालवला, रांगडा, कुठेकुठे रंग नुसता ओढून सोडून दिलेला. समीक्षकांना ते पचलं नाही. चित्र नीट पुरं केलेलं नाही, फार भडक आहे, अशा नजरेने त्याच्याकडे बघितलं गेलं.

हा फरक डोळ्याने बघायचा असेल तर लुंडब्यूचं १८३९ चं चित्र शोधा, राक्लेव्ह गावाजवळचं थडग्याचं टेकाड, ते कोपनहेगनच्या थोरवाल्डसेन म्युझियममध्ये आहे. विषय तोच, टेकाडच. पण तिथे हवा शांत आहे, टेकाड प्रतिष्ठित म्हाताऱ्यासारखं बसलंय, देशाचा मानबिंदू म्हणून. ड्रायरच्या टेकाडाला असा मान कोणी दिलेला नाही, ते वाऱ्यात एकटं सापडलंय. मला दोन्ही चित्रं आवडतात पण ड्रायरचं जास्त खरं वाटतं, कारण त्यात टेकाड लोकांना दाखवण्यासाठी सजवलेलं नाहीये.

पुढचं थोडक्यात. हळूहळू त्याने प्रदर्शनात चित्रं पाठवणं बंद केलं, कोपनहेगन सोडून फ्यूनला परत गेला, शेतीकडे वळला आणि १८५२ मध्ये टायफसने वारला, वय ३६. लुंडब्यू तर त्याच्याही आधी गेला, १८४८ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनवरून डेन्मार्कचं युद्ध पेटलं त्यात स्वतःहून भरती झाला आणि छावणीतच चुकून सुटलेल्या गोळीने २९ व्या वर्षी संपला. पण तो गेला तेव्हा त्याचं नाव झालेलं होतं, शिवाय डायऱ्या मागे ठेवून गेला, लोकांना त्याच्याबद्दल वाचायला होतं. ड्रायर गेला तेव्हा तो बाजूला पडलेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाणकारांनी त्याची चित्रं परत बाहेर काढली आणि आज डॅनिश सुवर्णकाळाबद्दल (एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या तिथल्या चित्रकलेच्या बहराबद्दल) लिहिताना त्याला त्या दोघांच्या बरोबरीने बसवतात. पण मधली पन्नास वर्षं गेली ती गेलीच, देशाबाहेर नाव पसरायचा काळ तोच होता.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जटलंडचे ते ओसाड माळ १८६६ नंतर मोठ्या प्रमाणावर शेतीखाली आणि वृक्षलागवडीखाली आले, त्यासाठी तिथे खास संस्थाच निघाली होती. थडग्याच्या टेकाडांचे दगड तर लोक रस्त्याला आणि बांधकामाला उचलून न्यायचे, सरसकट कायद्याचं संरक्षण मिळायला १९३७ साल उजाडलं. म्हणजे ज्या गोष्टी भिंतीवर लावायला कोणाला नको होत्या त्या ड्रायरने कॅनव्हासवर धरून ठेवल्या आणि प्रत्यक्षात त्यातल्या कितीतरी गेल्या.

प्रश्न: आपल्या बडोद्यात राजा रविवर्म्याची एवढी चित्रं आहेत, ती सोडून डेन्मार्कचा कोणीतरी विसरलेला माणूस कशाला? राग मानू नका, मनात आलं ते विचारलं.
(एक वाचक, रावपुरा, बडोदा)

उत्तर: राग कशाचा काका, विचारायलाच हवं. रविवर्मा सोडायचा नाहीच, लक्ष्मीविलासच्या आवारातल्या म्युझियममध्ये जाऊन ती चित्रं परत परत बघावीत अशीच आहेत. पण याच शहरात सयाजीराव महाराजांनी कमाटीबागेत पिक्चर गॅलरी उभी केली ती युरोपची चित्रं सामान्य माणसाला फुकट किंवा नाममात्र पैशात बघायला मिळावीत म्हणूनच ना. इमारत १९१४ ला पुरी झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. लांबच्या देशातलं चित्र आपल्या लोकांना दाखवायचं हा बडोद्याचा जुनाच रिवाज आहे. आणि रविवर्मा ज्या तैलरंगाने काम करायचा तेच माध्यम ड्रायरचं, दोघांनी ते किती वेगळ्या कामाला लावलं हे बघण्यात फार आनंद आहे. एकाने माणसाचा चेहरा आणि नऊवारीचा काठ, दुसऱ्याने माणूसच काढून टाकला.

प्रश्न: मी फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला आहे. विश्वामित्रीच्या पुलावरून पावसाळी ढगांचे ऑइलमध्ये स्टडी करतेय पण माझा ग्रे प्रत्येक वेळी मळकट होतो, ढग भिजलेल्या कापसासारखे दिसतात. ड्रायरसारखे जड ढग कसे येतात?
(एक विद्यार्थिनी, सयाजीगंज, बडोदा)

उत्तर: अगं, आधी काळा ट्यूब बाजूला ठेव. काळा आणि पांढरा एवढ्यावरच ग्रे बनवला तर तो खडूसारखा थंड येतो, आणि तो सुधारायला मग आपण त्यात एकेक रंग ढकलत जातो आणि तिथेच मळ होतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घे. निळा जरा जास्त घातला की थंड ग्रे, सिएना जास्त घातला की उबदार ग्रे, पांढरा सगळ्यात शेवटी आणि बेताने. पॅलेटवर असे तीन ढीग आधीच करून ठेव, गडद, मधला आणि फिका, आणि कॅनव्हासवर गेल्यावर त्यांना एकमेकांत फार घोळू नको. मळकटपणा बहुतेक वेळा रंगामुळे नाही तर घोळण्यामुळे येतो.

आता ढगाचं पोट. ढगाच्या खालच्या बाजूवर जमिनीचा उजेड परत उडालेला असतो, म्हणून ते पोट नुसतं निळं-काळं नसतं. आपल्याकडे मेअखेरीला धूळ असते, तर त्यात जरासं पिवळट-मातकट मिसळलेलं दिसेल, पाऊस होऊन हिरवळ आली की ते बदलतं. पुलावर उभी राहून डोळे किलकिले करून बघ, तपशील गायब होतात आणि फक्त गडद-फिकं उरतं, तेवढंच आधी टाक.

कडा सगळीकडे सारख्या करतेस का? मला वाटतं ढग कापसासारखा दिसतो तो यामुळेच. जिथे उजेड आणि गडद एकमेकांना भिडतात तिथे एखाद्याच ठिकाणी कड धारदार ठेव, बाकी सगळीकडे कोरड्या ब्रशने विरघळू दे. आणि ढगांनाही पर्स्पेक्टिव्ह असतं हे विसरू नको, डोक्यावरचा ढग मोठा आणि पोट दाखवणारा, क्षितिजाकडे जाशील तसे ते चपटे होत होत नुसत्या पट्ट्या उरतात. क्षितिज कॅनव्हासच्या खालच्या तिसऱ्या भागात किंवा अजून खाली ने, जडपणा निम्मा तिथेच येतो.

त्या काळच्या लोकांना सोय किती कमी होती तेही लक्षात ठेव. पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट १८४१ चं, एका अमेरिकन चित्रकाराने घेतलेलं, त्याआधी तयार ऑइल रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे, भोक पाडून रंग काढायचा आणि वाळायच्या आत संपवायचा. म्हणून बाहेर जाऊन करायचे ते स्टडी लहान असायचे, पुष्कळदा कागदावर, नंतर तो कागद कॅनव्हासला चिकटवायचे आणि मोठं चित्र घरी. तूही तसंच कर, मोठा कॅनव्हास पुलावर नेऊ नको. पोस्टकार्डाएवढे तुकडे ने, एका ढगाला पंधरा-वीस मिनिटंच दे, कारण तेवढ्यात तो ढग तिथे राहिलेलाच नसतो. ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस अशी नावं ल्यूक हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८०२-०३ मध्ये दिली, ती पाठ कर असं नाही, पण आपण कुठला ढग काढतोय हे ठाऊक असलं की हात कमी भरकटतो.

प्रश्न: नात सात वर्षांची आहे, तिला चित्र दाखवलं तर म्हणाली इथे भूत राहतं का. काय सांगू?
(एक आजी, वाडी, बडोदा)

उत्तर: आजी, सांगा की इथे फार फार जुने आजी-आजोबा झोपलेत आणि त्यांच्यावर मातीचं पांघरूण घातलंय. मग तिला विचारा पाऊस कुठून येणार, डावीकडून का उजवीकडून? ती पाच मिनिटं शोधत बसेल आणि तेवढं बघणं मोठी माणसंही करत नाहीत.

प्रश्न: मला हे चित्र फार भावलं, प्रिंट काढून हॉलमध्ये लावायचंय. घरातले म्हणतात एवढं काळं चित्र हॉलमध्ये नको, घर उदास दिसेल. आणि प्रिंट काढायला परवानगी लागते का?
(एक वाचक, अकोटा, बडोदा)

उत्तर: परवानगीचं आधी. चित्रकार १८५२ ला गेलाय, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्नच उरत नाही. हे चित्र कोपनहेगनच्या स्टेटन्स म्युझियम फॉर कुन्स्टमध्ये आहे, म्हणजे तिथलं राष्ट्रीय कलासंग्रहालय, आणि त्या म्युझियमने कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे मोठे फोटो कोणालाही मोफत वापरायला खुले ठेवलेत. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो प्रिंटला देऊ नका, त्यात ढगांचे सगळे ग्रे एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग येईल. म्युझियमच्या साइटवरून सगळ्यात मोठी फाइल उतरवा.

प्रिंट ग्लॉसी घेऊ नका, मॅट कागद किंवा कॅनव्हास घ्या. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकली की गडद भाग दिसतच नाही. दुकानदाराला आधी छोटं सँपल काढायला सांगा, ए-फोर एवढं पुरे, आणि ते घरी आणून ज्या भिंतीवर लावणार तिथे सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा धरून बघा. पुष्कळदा दुकानातला माणूस चांगल्या मनाने ब्राइटनेस वाढवून देतो, त्याला स्पष्ट सांगा की वाढवायचा नाही, आहे तसंच हवंय.

आणि घरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. टीव्हीच्या वर, रंगीत पडद्यांच्या शेजारी हे चित्र लावलंत तर ते मरतं आणि मग खरंच नुसतं काळं दिसतं. ज्या भिंतीवर खिडकीतून बाजूने उजेड येतो तिथे लावा, आजूबाजूला मोकळी भिंत सोडा, आणि फ्रेम पातळ, साध्या लाकडाची. सोनेरी नक्षीची नको. उंची अशी ठेवा की सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर टेकाडाच्या पायथ्याशी येईल, म्हणजे चित्रकार जसा खालून वर बघतोय तसंच तुमच्या घरातल्या माणसांनाही बघता येईल. एवढं करून महिनाभर राहू द्या, तरी घरच्यांना नकोच वाटलं तर तुमच्या वाचायच्या खोलीत हलवा, तिथे ते जास्तच शोभेल.